वृद्धाश्रमातल्या दाढेतले सिमेंट किती दिवस टिकते?

दाढेत सिमेंट भरून झाले की खुर्चीवरून उठता उठता जवळपास प्रत्येक रुग्ण दंतवैद्याला एक प्रश्न विचारतो, ‘डॉक्टर, किती दिवस टिकेल हे?’ तिशी-चाळिशीतल्या माणसासाठी उत्तर सोपे असते. नीट दात घासलेत, तर दहा वर्षेसुद्धा टिकेल. पण वृद्धाश्रमात राहणाऱ्या ८२ वर्षांच्या आजींच्या दाढेबद्दल हाच प्रश्न आला, तर काय सांगायचे? खरे तर आजी स्वतः तो विचारतच नाहीत. त्यांना घेऊन आलेली मुलगी किंवा आश्रमातल्या मावशी विचारतात, तेही वेगळ्या शब्दांत : ‘या वयात आता दात कशाला भरायचा? काढूनच टाका ना.’

या एका वाक्यावर त्या आजींचे पुढच्या काही वर्षांचे जेवण ठरते. दाढ राहिली तर भाकरी राहते. दाढ गेली की भाकरी दुधात कुस्करायची, मग भात मऊ करायचा, मग नुसती पेज, असा प्रवास सुरू होतो. म्हणून म्हातारपणी भरलेला दात किती टिकतो आणि कशामुळे टिकतो, हे नीट समजून घ्यायला हवे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तर हा प्रश्न दारात येऊन उभा आहे.

दात असलेले म्हातारपण

आपल्या आजोबांच्या पिढीत साठी उलटली की तोंडाचे बोळके होणे ठरलेले असे. दात दुखला की काढायचा, सगळे गेले की कवळी बसवायची. आता चित्र बदलते आहे. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या अनेकांच्या तोंडात स्वतःचे दहा-पंधरा दात आहेत. काहींत चांदी भरलेली आहे, काहींचे रूट कॅनाल होऊन वर कॅप बसली आहे, एखादा पूल आहे. तरुणपणी पैसे आणि वेळ खर्चून वाचवलेले हे दात आता माणसाबरोबर म्हातारे होत आहेत.

माणसेही वाढत आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढच्या लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते. संपूर्ण देशाचे तेव्हाचे प्रमाण ८.६ टक्के होते. त्यातही सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांतली तरुण पिढी पोटासाठी बाहेर आहे. पाटण-जावळीची माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेली. खानापूर, आटपाडी, खटावची कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. शिकलेली मुले पुण्यात, बंगळूरला किंवा परदेशात आहेत. मागे राहिले ते आई-वडील. कोणी गावच्या घरात एकटे आहेत, तर कोणी वृद्धाश्रमात.

इथे एका शब्दाचा घोळ आधी सोडवू. आपल्याकडे सांगली-मिरजेत ‘नर्सिंग होम’ म्हटले की चार-दहा खाटांचा खासगी दवाखाना डोळ्यांपुढे येतो. परदेशातल्या संशोधनात ‘नर्सिंग होम’ म्हणजे जिथे म्हातारी माणसे कायमची राहतात आणि ज्यांना अंघोळ, जेवण, औषधे यांसाठी दुसऱ्याचा हात लागतो, ती जागा. आपल्या भाषेत सांगायचे तर शुश्रूषेची सोय असलेला वृद्धाश्रम. या लेखातले निष्कर्ष त्या जागेबद्दल आहेत. मात्र अंथरुणाला खिळलेले आजोबा घरीच असतील, तर त्यांनाही ते तितकेच लागू पडतात.

आकडे काय सांगतात?

दाताच्या रंगाचे जे फिलिंग आपण ‘कॉम्पोझिट’ म्हणून ओळखतो, त्याच्या दाढांमधल्या टिकाऊपणाचा मोठा एकत्रित अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाला सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास फिलिंग निकामी होतात असे दिसले. पहिल्या पाच वर्षांचा हिशोब धरला तर १.८ टक्के आणि दहा वर्षांचा धरला तर २.४ टक्के. म्हणजे शंभर दाढा भरल्या, तर दहा वर्षांनी साधारण ऐंशी अजून शाबूत. ज्यांच्या तोंडात कीड लागण्याचा धोका जास्त, त्यांच्यात मात्र हे प्रमाण बरेच खाली येते, हेही त्याच अभ्यासात दिसले.

आता म्हाताऱ्या माणसांकडे वळू. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयाने ६५ वर्षांवरील रुग्णांच्या पंधरा वर्षांतल्या नोंदी तपासल्या. नऊ हजारांहून जास्त भरलेले दात आणि कॅप यांचा त्यात हिशोब होता. पुन्हा भरावे लागले, रूट कॅनाल करावे लागले किंवा दात काढावा लागला, की त्या कामाचे आयुष्य संपले असे धरले. तेव्हा मधले आयुष्य सुमारे सहा वर्षे निघाले. म्हणजे निम्मी कामे सहा वर्षांच्या आत संपली आणि निम्मी त्याच्या पुढे गेली.

दोन टक्के आणि सहा वर्षे या आकड्यांमधले अंतर लक्षात यावे म्हणून एक सोपा हिशोब करू. वर्षाला दोन टक्के फिलिंग जात असतील, तर दहा वर्षांनी शंभरातली ८१-८२ उरतात. वर्षाला दहा टक्के जात असतील, तर दहा वर्षांनी उरतात फक्त ३५ आणि निम्मी साधारण साडेसहा वर्षांत संपतात. सिमेंट तेच, डॉक्टरही तोच, तरी फरक एवढा. कारण ज्या तोंडात ते भरले जाते, ते तोंड बदललेले असते.

म्हाताऱ्या तोंडात काय बदलते?

पहिला बदल हिरड्यांचा. वय वाढते तशा हिरड्या खाली सरकतात आणि दाताचे मूळ उघडे पडते. दाताच्या वरच्या भागावर इनॅमलचे टणक कवच असते. मुळावर ते नसते. तोंडातले आम्ल एका ठरावीक पातळीच्या पुढे गेले की दात विरघळू लागतो. इनॅमलसाठी ही पातळी सामू ५.५ च्या आसपास आहे. मुळासाठी ती सहाच्याही वर आहे. सोप्या शब्दांत, जे आम्ल कवचाला काही करत नाही, तेच मुळाला खायला पुरेसे असते. म्हणून म्हातारपणीची कीड बहुधा हिरडीच्या कडेला, दाताच्या गळ्याशी लागते. ती दिसत नाही, फारशी दुखतही नाही. एके दिवशी भाकरीचा तुकडा तोडताना दात मुळापासून मोडून हातात येतो.

दुसरा बदल लाळेचा. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नाचे कण धुते, आम्ल मारते, आणि दातातून निघालेले क्षार परत दातात भरते. म्हातारपणी लाळ कमी होते ती मुख्यतः औषधांमुळे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, झोपेसाठी किंवा नैराश्यासाठी अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी, सर्दी-खाजेची गोळी, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली गोळी, कंपवाताची काही औषधे, या सगळ्यांनी तोंड कोरडे पडू शकते. वृद्धाश्रमातल्या एखाद्या डब्यात सकाळ-दुपार-संध्याकाळ मिळून आठ-दहा गोळ्या असतात. ‘तोंडाला कोरड पडते’ ही तक्रार मात्र कोणी टिपून घेत नाही.

तिसरा बदल खाण्याचा. चावता येत नाही म्हणून मऊ, आणि मऊ म्हणून गोड. चहात बुडवलेली खारी किंवा बटर, बिस्किटे, शिरा, गुळाचा चहा, केळ्याचे शिकरण. भेटायला आलेला नातेवाईक साताऱ्याहून कंदी पेढे आणणारच. गोड पदार्थ तोंडात गेला की जंतू त्याचे आम्ल करतात आणि पुढचा साधारण अर्धा तास दातांवर आम्लाचा मारा चालू राहतो. दिवसातून दोनदा गोड खाल्ले तर दोन मारे होतात. दर दोन तासांनी चहा-बिस्किट झाले, तर लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही.

चौथा बदल हातांचा. संधिवाताने वाकलेली बोटे, अर्धांगवायूने लुळा पडलेला उजवा हात, कंपवाताची थरथर, किंवा ब्रश हातात घेऊन तो कशासाठी आहे हेच न आठवणे. आयुष्यभर स्वतःचे दात स्वतः घासलेल्या माणसाला ‘मी घासून देते’ असे म्हणणे दुसऱ्यालाही अवघड जाते. मग दात घासणे म्हणजे सकाळी एक चूळ. आपल्या भागात त्यात मशेरीची भर पडते. तंबाखू भाजून केलेली ही पूड दात घट्ट ठेवते असा बऱ्याच बायकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती हिरड्यांना इजा करते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते.

या चार बदलांमुळे भरलेल्या दाताच्या कडेला, सिमेंट आणि दात यांच्या फटीत, नव्याने कीड लागते. फिलिंग निकामी होण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. त्याच्या जोडीला फिलिंग मोडणे, निसटणे किंवा दाताची भिंतच तुटणे ही कारणे येतात. ‘डॉक्टरने भरलेले सिमेंट पडले’ असे आपण म्हणतो, तेव्हा बरेचदा सिमेंट धरून ठेवणारा दात आधी किडून गेलेला असतो.

चांदी, कॉम्पोझिट की सिमेंट?

चांदी म्हणजे अमाल्गम. त्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथिल आणि तांबे. दाढांमध्ये ते दीर्घकाळ टिकते आणि थोडा ओलावा सहन करते. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे मात्र जग ते सोडत चालले आहे. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गम जवळपास बंद केले. करारातल्या देशांनी २०३४ पर्यंत ते पूर्ण थांबवायचे ठरवले आहे. याचा अर्थ आजोबांच्या तोंडातली जुनी, चांगली बसलेली चांदी उकरून काढायची असा नाही. शाबूत असेल तर ती तशीच राहू द्यावी.

कॉम्पोझिट दिसायला सुंदर आणि मजबूत असते, पण ते भरताना दात पूर्ण कोरडा लागतो. हिरडीखाली गेलेली कीड, अधूनमधून येणारे रक्त, तोंड फार वेळ उघडे ठेवू न शकणारा रुग्ण, या परिस्थितीत तो कोरडेपणा साधणे कठीण जाते.

तिसरे म्हणजे ग्लास आयनोमर, ज्याला आपण सरसकट ‘सिमेंट’ म्हणतो. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९७० च्या सुमारास ते शोधले. चावण्याच्या मोठ्या जोरापुढे ते कॉम्पोझिटपेक्षा कमी पडते. पण ते दाताला रासायनिक बंधाने चिकटते, थोडा ओलावा चालवून घेते आणि हळूहळू फ्लोराइड सोडत राहते. मुळाशी लागलेल्या किडीसाठी, पलंगावरच्या रुग्णासाठी ते सोयीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत ग्लास आयनोमरचा समावेश केला.

ड्रिल न लावता भरलेला दात

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. जतच्या किंवा माणच्या एखाद्या गावातल्या आजींना खुर्चीपर्यंत आणायचेच कसे? त्यांना उचलून गाडीत बसवायचे, पन्नास-साठ किलोमीटर न्यायचे, जिना चढवायचा, ड्रिलच्या आवाजाने त्या घाबरणार, आणि परत आणायचे. घरच्यांना ‘काढूनच टाका’ म्हणावेसे वाटते ते याच दगदगीपोटी.

याचे एक उत्तर आफ्रिकेतून आले. १९८० च्या दशकात टांझानियात, जिथे वीज आणि दंतवैद्यकाची खुर्ची दोन्हींचा भरवसा नव्हता, तिथे यो फ्रेंकेन या डच दंतवैद्याने एक पद्धत बसवली. किडलेला मऊ भाग छोट्या चमच्यासारख्या हत्याराने खरवडून काढायचा आणि ग्लास आयनोमर बोटाने दाबून भरायचे. ड्रिल नाही, बहुधा इंजेक्शनही नाही. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एआरटी’ म्हणतात. १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी जागतिक आरोग्य संघटनेने ती उचलून धरली. तेव्हा डोळ्यांपुढे शाळकरी मुले होती. पुढे कोणाच्या तरी लक्षात आले की खुर्चीपर्यंत येऊ न शकणारे म्हातारेही याच रांगेत आहेत.

पण असे हाताने भरलेले सिमेंट टिकते का? हाँगकाँगच्या वृद्धाश्रमांत राहणाऱ्या १०३ जणांवर याची चाचणी झाली. त्यांचे सरासरी वय ७८ च्या पुढे होते. मुळाशी किडलेले काही दात नेहमीच्या पद्धतीने भरले, काही हाताने. वर्षभराने नेहमीच्या पद्धतीतली सुमारे ९२ टक्के फिलिंग जागेवर होती आणि हाताने भरलेली ८७ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठरण्याइतका मोठा नव्हता. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात ६५ वर्षांवरील ९९ जणांचे ३०० दात असेच दोन पद्धतींनी भरले. दोन वर्षांनी हाताने भरलेले ८५ टक्के आणि ड्रिलने भरलेले ९१ टक्के टिकले होते. पाच वर्षांनी हाताने भरलेले ८५ टक्के आणि ड्रिलचे ७९ टक्के. म्हणजे दोन्ही बरोबरीत. खर्च मात्र हाताच्या पद्धतीत बराच कमी आला.

कॉर्कच्या अभ्यासात आणखी एक आकडा आहे. सुरुवातीला ९९ माणसे होती. पाच वर्षांनी तपासता आली ती ५३. या वयात कोणी आजारी पडते, कोणी दुसरीकडे जाते, कोणी जग सोडून जाते. म्हातारपणीच्या फिलिंगचा हिशोब तरुणांसारखा करता येत नाही, तो यामुळे. ८६ वर्षांच्या आजोबांना बारा वर्षे टिकणारे काम हवेच असे नाही. त्यांना हवे आहे ते उरलेली वर्षे न दुखता, दोन्ही बाजूंनी चावता येण्याजोगे तोंड. चार वर्षे टिकणारे साधे सिमेंट त्यांच्यासाठी आयुष्यभराचे असू शकते. आणि ते पडलेच, तर पलंगाशी बसून पुन्हा भरता येते. काढलेला दात मात्र परत येत नाही.

भरण्याआधीच थांबवता आले तर?

कीड लागूच नये, किंवा लागलेली जागीच थांबावी, याचेही उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. हाँगकाँगच्याच २१ वृद्धाश्रमांतल्या ३०६ जणांवर तीन वर्षांचा एक अभ्यास झाला. एका गटाला फक्त दात घासायला शिकवले. दुसऱ्या गटाला त्याबरोबर वर्षातून एकदा ‘सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड’ या द्रावणाचा बोळा दातांच्या मुळांवर फिरवला. तीन वर्षांत पहिल्या गटात माणशी सरासरी अडीच नव्या किडी लागल्या, तर दुसऱ्या गटात ०.७. दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचे व्हार्निश लावलेल्या गटात ०.९ लागल्या. या द्रावणाचा तोटा एकच, किडलेली जागा काळी पडते. पुढच्या दातांना ते काहींना आवडणार नाही. पण मागच्या दाढेला, जिथे पाहणारे कोणी नाही, तिथे काळा पण टणक दात पांढऱ्या पण पोखरलेल्या दातापेक्षा केव्हाही बरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या त्याच यादीत हे द्रावणही आहे.

घरच्या घरी करण्याजोगी गोष्ट म्हणजे फ्लोराइडची टूथपेस्ट. आपल्याकडे सर्वसाधारण टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे. बऱ्याच मंजनांत आणि आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये ते अजिबात नसते. नळी उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचावीत. डेन्मार्कच्या वृद्धाश्रमांत ५००० पीपीएमची पेस्ट वापरून मुळांवरची कीड थोपवता आली आहे. अशी जास्त ताकदीची पेस्ट दंतवैद्याच्या सल्ल्यानेच वापरायची असते.

तोंड साफ ठेवण्याचा फायदा तोंडापुरता राहत नाही. जपानमध्ये ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे एक प्रयोग झाला. अर्ध्या रहिवाशांचे दात सेविकांनी रोज प्रत्येक जेवणानंतर घासून दिले, उरलेल्यांचे नेहमीप्रमाणे चालू ठेवले. नेहमीच्या गटात १९ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, घासून दिलेल्या गटात ११ टक्के. तोंडातले जंतू ठसक्यावाटे फुप्फुसात उतरतात, त्यामुळे हा फरक पडतो. त्याच जपानने १९८९ पासून ‘ऐंशीव्या वर्षी वीस दात’ ही मोहीम चालवली. तेव्हा दहातल्या एखाद्यालाच ते जमत होते. २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक ऐंशी वर्षांच्या लोकांच्या तोंडात वीस दात होते.

आपल्या दोन जिल्ह्यांत काय आहे?

साधने नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. मिरजेला विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले तेव्हापासून हा टापू वैद्यकीय सेवेसाठी ओळखला जातो. आज सांगलीत वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे, कराडजवळ मलकापूरला कृष्णा विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे. प्रत्येक दंत महाविद्यालयात सार्वजनिक दंतआरोग्य हा विभाग असतो आणि गावोगावी शिबिरे घेणे हे त्याचे कामच आहे. दरवर्षी इंटर्न बाहेर पडतात. चमच्यासारखी हत्यारे, सिमेंटची पूड-द्रव आणि डोक्याला बांधायचा दिवा एका पिशवीत मावतो.

कायदाही आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा राज्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारावा असे म्हणतो आणि सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग ठेवायला सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत सत्तरीच्या पुढच्या सर्वांना, उत्पन्न न बघता, वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळाले. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. दात भरायला कोणी दाखल होत नाही. त्यामुळे हृदयाच्या शस्त्रक्रियेला पाच लाखांचे कवच आहे आणि दाढेच्या सिमेंटचा खर्च खिशातूनच करायचा आहे. ज्या आजींच्या पेन्शनमधून आश्रमाची फी जेमतेम भागते, त्यांच्यासाठी हा खर्च मुलाच्या फोनवर ठरतो. मुलगा पुण्याहून विचारतो, ‘दुखतंय का?’ आजी म्हणतात, ‘नाही रे बाबा.’ विषय संपतो.

न दुखणे म्हणजे दात चांगला असणे नव्हे. मुळाची कीड फार उशिरा दुखते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तर दुखणे सांगताच येत नाही. त्याचे दुखणे वागण्यातून दिसते. आवडता पदार्थ बाजूला सारणे, एकाच बाजूने चावणे, सारखा गालाला हात लावणे, कवळी घालू न देणे, घास भरवताना चिडणे. याला ‘म्हातारपणीचा हट्ट’ म्हणण्याआधी एकदा टॉर्च घेऊन तोंडात पाहावे.

काढून टाकण्याचा सोपा वाटणारा मार्गही या वयात नेहमी सोपा नसतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी काही ठरावीक औषधे घेणाऱ्यांच्या जबड्याची जखम दात काढल्यावर भरत नाही, असे कधी कधी घडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दात काढताना जास्त काळजी घ्यावी लागते. मधुमेह ताब्यात नसेल तर जखम चिघळते. साधे सिमेंट भरताना यातले बहुतेक धोके नसतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र कोणीही आपल्या मनाने बंद करू नये. दंतवैद्याला आधी सगळ्या गोळ्यांची यादी दाखवावी.

हे करता येईल

आश्रमात आणि घरी, दोन्हीकडे लागू पडणाऱ्या या काही गोष्टी :

– आश्रमात दाखल होताना रक्तदाब आणि साखरेबरोबर दातांचीही नोंद व्हावी. स्वतःचे दात किती, भरलेले कोणते, कवळी आहे का, शेवटची तपासणी कधी झाली.

– दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत. एकच वेळ जमणार असेल तर ती रात्रीची असावी, कारण झोपेत लाळ सर्वांत कमी असते. घासल्यावर खळखळून चुळा भरण्याऐवजी नुसते थुंकावे, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते.

– बोटे वाकत नसतील तर ब्रशच्या दांड्याला जुन्या कापडाची किंवा सायकलच्या ट्यूबची गुंडाळी करावी. दुसऱ्याने घासून द्यायचे असेल तर आजींना बसते करून, मागून किंवा बाजूने घासावे. झोपवून घासले तर ठसका लागतो.

– गोड बंद करायची गरज नाही. पेढा जेवणाबरोबर द्यावा, दोन जेवणांच्या मध्ये नको. मधल्या चहात साखर कमी करावी. तोंड कोरडे पडत असेल तर घोट घोट पाणी द्यावे आणि कोणत्या गोळीने असे होते ते डॉक्टरांना विचारावे. गोळी बदलता येते का, हे तेच सांगू शकतील.

– कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. तारेची अर्धी कवळी असेल तर तार ज्या दातांना अडकते ते दात आधी घासावेत. तिथेच अन्न अडकते.

– वर्षातून दोनदा, आणि तोंड कोरडे असेल तर दर तीन महिन्यांनी, दंतवैद्याने तोंड पाहावे. आश्रमाच्या व्यवस्थापनाने जवळच्या दंत महाविद्यालयाला तसे लेखी पत्र द्यावे. एकदाच होणाऱ्या शिबिरापेक्षा ठरलेल्या तारखेची फेरी जास्त उपयोगी. शिबिरात भरलेला दात सहा महिन्यांनी बघणारा कोणीतरी हवा.

तेव्हा ‘किती दिवस टिकेल?’ या प्रश्नाचे उत्तर बरेचसे दंतवैद्याच्या हाताबाहेर आहे. तो चांगले सिमेंट निवडू शकतो, नीट भरू शकतो. ते पुढे दोन वर्षे राहणार की सहा, हे रात्री नऊ वाजता ब्रश कोण हातात घेते, गोळ्यांची यादी कोण वाचते आणि संध्याकाळच्या चहाबरोबर काय येते, यावर ठरते. आश्रमातल्या मावशींच्या हाताखाली वीस माणसे असतील तर प्रत्येकाच्या तोंडासाठी तीन मिनिटे धरली तरी रोजचा एक तास होतो. तो तास कामाच्या वेळापत्रकात लिहिलेला असेल तरच मिळतो. भेटायला जाणाऱ्या मुला-मुलींनी फळांची पिशवी नेताना एक मऊ ब्रश आणि पेस्टची नळीही न्यावी. महिन्याने पुन्हा गेल्यावर ती नळी किती संपली, हे जरूर पाहावे.